कुमार गंधर्वांचे येते वर्ष

१

दिवाळी अंकांची एक जुनी रीत आहे. अंकाच्या मधल्या पानांत कुठेतरी एक परिसंवाद असतो आणि त्यात गायक, चित्रकार, नट, लेखक यांना एकच प्रश्न विचारलेला असतो : येत्या वर्षात आपण काय करणार? उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. एक नवे नाटक, दोन पुस्तके, परदेशचा एखादा दौरा आणि शेवटी रसिकांच्या आशीर्वादाची अपेक्षा. वाचणारा छायाचित्रे पाहतो आणि पान उलटतो. पुढच्या दिवाळीला त्या संकल्पांचे काय झाले हे कोणी विचारत नाही. विचारू नये असाच संकेत आहे.

हा प्रश्न किरकोळ आहे असे मलाही बरीच वर्षे वाटत असे. गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी घरी आला, आणि मला माझे मत बदलावे लागले. मी राहतो ते मिसरोद भोपाळच्या दक्षिणेला, नर्मदापुरमच्या म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादच्या रस्त्यावर आहे. एकेकाळचे हे गाव आता शहराचे उपनगर झाले आहे. गव्हाची शेते होती तेथे वसाहती उभ्या राहिल्या आहेत. हा मुलगा अशाच एका वसाहतीत राहतो. घरची भाषा मराठी, शाळेची आणि रस्त्यावरची हिंदी. गळा चांगला आहे, आठ-दहा वर्षे शिकलाही आहे. पाया पडून झाल्यावर त्याने पिशवीतून एक डायरी काढली आणि म्हणाला, "सर, पुढच्या वर्षाचं सगळं प्लॅनिंग केलंय. एकदा बघून घ्या."

मी पाहिले. गणपतीचे दहा दिवस भरलेले होते. नवरात्र भरलेले होते. लग्नसराईतल्या 'संगीत'च्या तारखा होत्या. दोन स्पर्धा होत्या, एक ध्वनिमुद्रण होते, आणि महिन्याला चार छोट्या चित्रफिती मोबाइलवर टाकायच्या असे लाल शाईने लिहिले होते. आखणी नीटनेटकी होती. वार्षिक नियोजनाच्या वह्या तपासण्यात माझी हयात गेली; त्या नजरेने पाहता शंभरापैकी नव्वद गुण द्यावेत अशी. तरीही वही मिटताना मन काही भरले नाही. काय गायचे आहे, का गायचे आहे, वर्षाच्या शेवटी त्याला आज ठाऊक नसलेले काय ठाऊक व्हायचे आहे, यातले एक अक्षरही त्या डायरीत नव्हते.

तो गेल्यावर माझ्या मनात कुमार गंधर्व आले. येत्या वर्षाचा प्रश्न ज्याने सर्वांत गंभीरपणे घेतला आणि ज्याने त्याचे उत्तर गाऊन दिले, असा त्यांच्याइतका दुसरा कलावंत मला माहीत नाही. त्यांची जन्मशताब्दी २०२४ साली होऊन गेली. त्या निमित्ताने त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले गेले. बंडखोर, प्रतिभावंत, कबीरमय अशी विशेषणे पुन्हा एकदा वापरून झाली. पण 'आखणी करणारा कलावंत' म्हणून त्यांच्याकडे पाहिले पाहिजे, असे मला वाटते. हा लेख त्यासाठी आहे.

२

सीमाभागातील वाचकांना कुमारांचा जन्म कुठला हे सांगायला नको. बेळगावजवळचे सुळेभावी हे त्यांचे गाव. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे त्यांचे नाव. जन्म ८ एप्रिल १९२४ चा. घरची भाषा कानडी. ज्या टापूत एका ओसरीवर कानडी बोलले जाते, दुसरीवर मराठी, आणि देवापुढे दोन्ही, त्या टापूतला हा मुलगा. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी हीही याच पट्ट्यातली आणि कानडी घरांतली माणसे. महाराष्ट्राने ज्यांना आपले मानून डोक्यावर घेतले, त्यांतल्या कितीजणांची मातृभाषा मराठी नव्हती, याची आठवण आपल्याकडच्या वादांच्या दिवसांत ठेवलेली बरी.

शिवपुत्राला लहानपणी एक विलक्षण देणगी होती. ग्रामोफोनच्या तबकड्यांवरचे मोठमोठ्या गवयांचे गाणे तो जसेच्या तसे गाऊन दाखवी. एका मठाधिपतींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटले, आणि ते नाव कायम झाले. मग दौरे सुरू झाले. १९३५-३६ च्या सुमारास अलाहाबाद आणि मुंबई येथल्या संगीत परिषदांत या अकरा-बारा वर्षांच्या मुलाने जाणत्यांना थक्क केले.

या काळात त्याच्या वर्षाची आखणी कोण करत होते? अर्थातच मोठी माणसे. तारखा भरलेल्या होत्या, टाळ्या भरपूर होत्या, आणि गाणे दुसऱ्यांचे होते. आमच्या मिसरोदच्या मुलाची डायरी आणि त्या बालगायकाचे दौरे यांत मला फार अंतर दिसत नाही. बुद्धी आणि गळा यांतले अंतर अर्थात फार मोठे आहे, पण नियोजनाचा प्रकार एकच : लोकांना जे आधीच आवडते ते त्यांना पुन्हा देणे.

१९३६ साली हा मुलगा मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे शिकायला आला. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. त्यांच्या विद्यालयात निरनिराळ्या घराण्यांचे गवई येत, बसत, गात. स्वतः देवधर मोकळ्या मनाने ऐकणारे होते. पाश्चात्त्य संगीताचाही त्यांना परिचय होता. नक्कल करणाऱ्या मुलाला इथे प्रथमच 'हे असे का?' असे विचारायची सवय लागली असावी. दहा वर्षांत तो तेथे शिकला आणि शिकवूही लागला. विशीच्या आतबाहेर असताना त्याचे नाव देशभर झालेले होते. यापुढची वर्षे कशी जातील हे कोणीही सांगू शकले असते.

३

पण तसे घडले नाही. १९४७ साली विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाचे निदान झाले. १९४८ च्या आरंभी कुमार आणि त्यांच्या पत्नी भानुमती मुंबईची दमट हवा सोडून माळव्यातल्या देवासला आले. पुढची चार-पाच वर्षे अंथरुणात गेली. एक फुफ्फुस निकामी झाले. गाणे तर सोडाच, मोठ्याने बोलण्यालाही मनाई होती. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध उपलब्ध झाले, ते लागू पडले, आणि १९५२-५३ च्या सुमारास ते पुन्हा लोकांसमोर गायला बसू लागले.

या आजारपणाची गोष्ट आपल्याकडे फार वेळा आणि फार रसाळपणे सांगितली जाते. खाटेवर पडलेला गवई, खिडकीबाहेरून येणारी माळवी बायकांची गाणी, आणि त्यातून जन्मलेले नवे संगीत. गोष्ट खोटी नाही. ती गाणी त्यांनी ऐकली आणि त्यातून त्यांचे पुढचे काम निघाले, हे खरेच आहे. पण ती अशी सांगितली की जणू आजारानेच कला दिली, असा समज होतो. त्या काळात या देशात लाखो माणसे क्षयाने अंथरुणाला खिळली होती, आणि माळव्यातली गाणी तर प्रत्येकाच्या कानावर पडत होती. आजार कोणाला काही देत नाही, तो घेतो. कुमारांनी मात्र त्या काळात दोन गोष्टी केल्या, आणि त्या दोन्ही कष्टाच्या होत्या.

पहिली गोष्ट, त्यांनी गाता येत नसताना ऐकण्याचे काम चालू ठेवले. दुसरी, ऐकलेले नुसते आठवणीत न ठेवता पुढे ते जमवले, त्याचे स्वरलेखन केले, एकमेकांशी ताडून पाहिले. या धुना चार-पाच स्वरांत फिरतात. पण त्या चार-पाच स्वरांतही त्यांना एक चेहरा असतो. राग शास्त्रकारांनी घडवले नाहीत, ते अशा धुनांतून वर आले, हा त्यांचा पुढचा सिद्धान्त इथे पाळण्यात होता. भानुमतींनी या काळात शाळेत नोकरी करून घर चालवले आणि शुश्रूषाही केली. गवयांच्या चरित्रात अशा पगाराचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. मला, शाळेतच आयुष्य गेल्यामुळे असेल, ती ओळ महत्त्वाची वाटते. कुमारांच्या साऱ्या पुढच्या आखणीचे भांडवल म्हणजे एका शिक्षिकेने महिनोन्‌महिने चालवलेले ते घर होते. त्या १९६१ साली वारल्या. देवासच्या टेकडीच्या पायथ्याच्या घराला 'भानुकुल' हे नाव आहे, त्यात ही आठवण आहे.

ज्याला येते वर्ष मिळेल की नाही याची खात्री नाही, तो त्या वर्षाकडे तारखांची रांग म्हणून पाहू शकत नाही. त्याला वर्षच पाहावे लागते : आता ऊन तापले, आता आभाळ भरले, आता थंडी पडली. पुढे कुमारांच्या कामात ऋतूंना जे स्थान मिळाले त्याचे मूळ मला या सक्तीच्या पाहण्यात दिसते.

४

१९६५ साली 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा पहिला भाग मौज प्रकाशनाने काढला. त्यात धुनउगम राग होते : मालवती, लगनगांधार, सहेली तोडी, अहिमोहिनी यांसारखे. या पुस्तकावर त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली आणि घराण्याच्या अभिमान्यांनी नाकेही मुरडली. त्या वादात मी शिरत नाही. मला सांगायचे आहे ते त्याच्या पुढच्या टप्प्याविषयी, म्हणजे त्यांच्या संकल्पित कार्यक्रमांविषयी.

या कार्यक्रमांची नुसती नावे पाहावीत. 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत'. 'मालवा की लोकधुनें'. कबीर, सूरदास आणि मीरा यांची 'त्रिवेणी'. 'तुलसीदास : एक दर्शन' आणि 'तुकाराम : एक दर्शन'. 'तांबे गीत रजनी'. 'मला उमजलेले बालगंधर्व'. 'गौड मल्हार दर्शन'. ठुमरी, टप्पा आणि तराणा यांवरचा स्वतंत्र कार्यक्रम. ही कलावंताच्या मुलाखतीतली आश्वासने नव्हती. प्रत्येकामागे शोध, निवड, क्रम लावणे, तालीम हे सगळे होते आणि मग ते लोकांसमोर आले. वसुंधराताई कोमकलींची साथ यांतल्या पुष्कळ कामाला लाभली.

यांतले ऋतूंचे तीन कार्यक्रम मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. त्याचे कारण थोडे सविस्तर सांगितले पाहिजे.

आपल्या रागसंगीताला दिवसाचे घड्याळ आहे. भैरव सकाळचा, सारंग दुपारचा, यमन सांजेचा, मालकंस रात्रीचा, हे नवशिक्यालाही ठाऊक असते. वर्षाचे पंचांग मात्र आपल्याकडे अर्धवट आहे. पावसाळ्याला मल्हाराचे कितीतरी प्रकार आहेत, वसंताला वसंत, बहार, हिंदोल आहेत. बाकीच्या ऋतूंच्या वाट्याला परंपरेने फार थोडे ठेवले आहे. शिवाय मल्हार गाणारा गवईदेखील बहुधा 'मल्हार' गातो. पाऊस हे त्याला निमित्त असते. आषाढातला पहिला पाऊस आणि भाद्रपदातला कंटाळलेला पाऊस हे दोन वेगळे पाऊस आहेत, याची दखल घेण्याची त्याला गरज वाटत नाही.

ती गरज लोकगीताला वाटते, कारण लोकगीत कामाशी आणि सणाशी बांधलेले असते. माळव्यात पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाची आणि फुलांची 'संजा' मांडतात आणि रोज संध्याकाळी तिची गाणी म्हणतात. आपल्याकडे कोल्हापूर-बेळगाव भागात हस्ताच्या पावसात हादगा मांडला जातो, खानदेशात गुलाबाई बसते. ही गाणी दुसऱ्या महिन्यात कोणी म्हणत नाही. त्यांचे वेळापत्रक कोणा मंडळाने ठरवलेले नाही. पिकाने, पावसाने आणि माहेरपणाने ठरवले आहे. कुमारांनी 'गीत वर्षा'सारख्या कार्यक्रमात हे पंचांग मैफलीत आणले. लोकगीत, बंदिश आणि राग ही एरवी वेगवेगळ्या पंक्तींत बसणारी मंडळी त्यांनी ऋतूच्या एका सूत्रात ओवली. परिणाम असा की, ऐकणाऱ्याला रागाची ओळख पटण्याआधी पावसाची ओळख पटते. मग चार स्वरांच्या धुनेचा आणि भारदस्त मल्हाराचा रक्ताचा संबंध त्याच्या आपोआप लक्षात येतो. पुस्तकात मांडलेला सिद्धान्त इथे न सांगता कळतो. हे समीक्षेचे काम आहे, आणि ते गाऊन केलेले आहे.

तिन्हींत अवघड काम 'गीत हेमंत'चे असले पाहिजे. वर्षा आणि वसंत यांच्यासाठी परंपरेची कोठारे भरलेली होती. हेमंतासाठी कोठार जवळजवळ रिकामे. जो केवळ यशाचा हिशेब करतो तो अशा ऋतूच्या वाटेला जात नाही. कुमार गेले, कारण त्यांच्या आखणीत वर्ष पुरे होणे आवश्यक होते. आवडत्या ऋतूवर कार्यक्रम करणे ही हौस झाली. उरलेल्या ऋतूचाही हिशेब देणे ही शिस्त झाली. मला कुमारांच्या 'बंडखोरी'पेक्षा ही शिस्त मोठी वाटते.

दुसरा एक कार्यक्रम या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. 'मला उमजलेले बालगंधर्व' या नावातला पहिला शब्द 'मला' आहे. ज्याची बालपणीची सारी कीर्ती हुबेहूब नक्कल करण्यावर उभी होती, तो माणूस प्रौढपणी बालगंधर्वांची पदे गायला बसतो आणि नक्कल साफ टाळतो. बालगंधर्वांचा गोडवा तो उसना घेत नाही. त्यांच्या स्वरलगावात, लयीच्या अंगात स्वतःला काय कळले तेवढेच ठेवतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला जे 'येत' होते, ते पन्नाशीच्या आसपास 'उमजले'. एका कलावंताच्या आयुष्यभराच्या अभ्यासक्रमाचे याहून स्वच्छ प्रगतिपुस्तक मी पाहिलेले नाही.

५

आता आक्षेपांकडे वळले पाहिजे, कारण ते निराधार नाहीत.

पहिला आक्षेप असा की, संकल्पित कार्यक्रमाने मैफलीचा जीव जातो. मैफलीत गवयाला स्वतःलाच पुढच्या क्षणाचा पत्ता नसतो, हाच तिचा आनंद. क्रम ठरला, निवेदन ठरले, की गाणे धड्यासारखे होते. यात तथ्य आहे. या कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना काही ठिकाणी चीज रंगात येते आणि तेवढ्यात पुढची येते. शिक्षक घंटेकडे पाहून विषय आवरतो तसे वाटते. एखादा राग तासभर उलगडणारे कुमार ज्यांनी ऐकले त्यांना ही कसर जाणवणारच. पण कुमारांनी खुली मैफल कधी सोडली नाही. संकल्पित कार्यक्रम तिची जागा घेण्यासाठी नव्हते. मैफलीत मिळणारे आणि अभ्यासातून मिळणारे, या दोन्हींची त्यांना गरज होती.

दुसरा आक्षेप लोकगीतांविषयी. तंबोऱ्याच्या दोन जोड्यांत बसून गायलेले लोकगीत हे लोकगीत उरते काय? जात्यावरची बाई श्रोत्यांसाठी गात नसते. संजेपुढच्या मुलीला टाळी नको असते. तिकिटाच्या खुर्चीवर बसून ते ऐकणारे आपण त्यातला अर्क घेतो आणि चोथा तिच्याकडे ठेवतो. हा आक्षेप मला पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. एवढे मात्र म्हणता येईल की, कुमारांनी लोकगीताला सजवले नाही. वाद्यांचा मेळ लावून त्याला चित्रपटगीताचे कपडे चढवले नाहीत, आणि त्याचे मूळ लपवले नाही. आज ज्या गावांतून ती गाणी उठून गेली त्या गावांना ती परत मिळण्याची एक वाट त्यांच्या स्वरलेखनातून जाते.

तिसरा आक्षेप परिणामाविषयी. प्रसंग साधून केलेल्या कामाचे आयुष्य किती? १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांनी 'गांधी मल्हार' बांधला. तो आणि त्यांचे इतर नवे राग आज मुख्यतः त्यांच्या शिष्यपरिवारातच ऐकू येतात. सर्व घराण्यांच्या गवयांनी ते उचलले असे झाले नाही. आखणीच्या फळाचे माप जर प्रसाराने घ्यायचे असेल, तर हे अपयश मान्य केले पाहिजे. कुमारांचे चाहते ते मान्य करत नाहीत. त्यामुळे कुमारांचेच नुकसान होते, कारण प्रत्येक गोष्ट थोर म्हटली की जी खरोखर थोर ती झाकली जाते.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करावा. त्यांचे तुटक, झटक्यांनी येणारे स्वरसमूह हे एका फुफ्फुसाचे फळ, असे सरसकट सांगितले जाते. दमसासाची मर्यादा खरी होती. पण मर्यादा शैली घडवत नाही. मर्यादेत काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा निर्णय शैली घडवतो. लांब तान घेता येत नाही म्हणून गाणे थांबवणारे पुष्कळ सापडतील. मौनालाच लयीचे अंग करणारा एखादाच.

सीमाभागातल्या वाचकांसाठी एक मुद्दा वेगळा काढून ठेवतो. वरच्या कार्यक्रमांच्या यादीकडे भाषेच्या अंगाने पाहावे. माळवी, ब्रज, अवधी, कबीराची मिश्र बोली, तुकारामांची मराठी, आणि भा. रा. तांब्यांची मराठी. तांबे तर मध्य भारतातच जन्मलेले आणि वाढलेले, ग्वाल्हेरचे राजकवी. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणारा कवी, आणि कानडी घरात जन्मून माळव्यात त्याला गाणारा गवई. 'तांबे गीत रजनी' हा सर्वच चालींत सारखा उतरलेला कार्यक्रम नाही. काही कवितांच्या मूळ साध्या लयीवर गायकीचे वजन जास्त पडले आहे असे मला वाटते. पण त्यातली भूमिका आपल्याला विचार करायला लावणारी आहे. दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या मुलाला आपण सतत विचारतो : तू कोणता? कुमारांच्या वर्षाच्या आखणीत हा प्रश्नच नव्हता. तिथे विचारलेले होते ते एवढेच : या ऋतूत, या भाषेत, मला अजून काय कळायचे राहिले आहे?

६

१२ जानेवारी १९९२ रोजी देवासला कुमार वारले. 'अनूपरागविलास'चा दुसरा भाग त्यांच्या पश्चात १९९३ साली निघाला. म्हणजे त्यांचे शेवटचे येते वर्ष त्यांच्याशिवाय आले, तरी आखलेले काम त्यात पुरे झाले.

मिसरोदच्या त्या मुलाला मी हे सगळे एकदम सांगितले नाही. सांगून उपयोगही नव्हता. त्याच्या वडिलांची नोकरी सुटलेली आहे आणि गणपती-नवरात्राच्या बिदागीवर घरातले पुष्कळ काही अवलंबून आहे. कुमारांनाही मैफली करूनच संसार चालवावा लागला; शिवाय त्यांना आधी भानुमतींचा पगार आणि इंदूरचे रामूभैया दाते यांच्यासारखे जिवाभावाचे रसिक मिळाले होते. ज्याच्यापाशी यांतले काही नाही त्याला 'तारखा सोडून दे, साधना कर' असे सांगणे हे पोट भरलेल्याचे तत्त्वज्ञान होईल.

म्हणून मी त्याला एवढेच विचारले, "या वहीत पावसाळा कुठे आहे?"

तो गोंधळला. "जुलैमध्ये कार्यक्रम नसतात, सर," म्हणाला. "तो महिना रिकामाच जातो."

"मग तो मला दे," मी म्हटले. "तुझी आजी बैतूलकडची ना? तिला पावसातली किती गाणी येतात ते काढून आण."

तो हसला. आजीचे गाणे आणि आपले गाणे यांचा काही संबंध असू शकतो, हे त्याला पटलेले दिसले नाही. जाताना मी त्याला 'गीत वर्षा' ऐकायला सांगितले. त्यानेही तोंडदेखले 'हो' म्हटले असावे, असे धरून मी विषय सोडून दिला.

यंदा श्रावणात एका संध्याकाळी तो आला. सोबत तीच डायरी होती. जुलैच्या कोऱ्या पानांवर त्याने अकरा गाणी लिहून आणली होती. दळणाची, झोक्याची, भावाची वाट पाहण्याची. शब्दांत अर्धी मराठी होती, अर्धी तिकडची बोली. आजीला काही कडवी आठवेनात तेव्हा तिने मुलताईच्या बहिणीला फोन लावला होता म्हणे. मी पान उलटून पाहिले. शब्द होते, चाल कुठेच लिहिलेली नव्हती.

"आणि स्वर?" मी विचारले.

"ते नाही जमलं, सर. आजी म्हणते तेव्हा सोपं वाटतं. लिहायला बसलं की चार स्वरांतलं एक काहीतरी निसटतं."

मी त्याला पेटीजवळ बसवले. त्या संध्याकाळी आमची एका गाण्याची दीड ओळ लिहून झाली. दहा गाणी उरली आहेत, आणि आजीचे वय ८१ आहे. येत्या वर्षासाठी एवढी आखणी पुरेशी आहे.